बंद घरांच्या आपा

कुलूप लावलेलं दार दिसलं की आपा पायातल्या चपला काढायच्या. दाराला कान लावायच्या, आम्हाला हाताने गप राहण्याची खूण करायच्या आणि मग दारासमोरच्या पायरीवर सरळ बसकण मारायच्या. पिशवीतून पाण्याची बाटली काढून दोन घोट प्यायच्या. मी घड्याळाकडे बघितलं की म्हणायच्या, "घाई कोणाला हाय, सर?"

घाई मला होती. मी त्यांचा सुपरवायझर होतो. सुपरवायझर म्हणजे सकाळी चार बायकांना फोन करून "कुठपर्यंत आलात?" असं विचारणारा आणि संध्याकाळी पुण्याच्या ऑफिसातून "कुठपर्यंत आलं?" असं ऐकून घेणारा माणूस. प्रत्येकीने दिवसाला सहा घरं करायची असा नियम होता. तिघी सहा करायच्या. आपा तीन करायच्या, कधी दोन. त्यांच्यामुळे माझा तक्ता रोज संध्याकाळी लंगडा व्हायचा आणि रोज संध्याकाळी मी त्यांच्यावर चिडायचो.

काम असं होतं. पुण्यातल्या एका संस्थेने पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कंपन्यांच्या पट्ट्यात एक सर्व्हे हाती घेतला होता. घरात मुलांना मार किती बसतो, त्यांची आबाळ किती होते, त्यांच्याशी कोणी वाईट वागतं का, हे मोजायचं होतं. पोलिसांपर्यंत किंवा हेल्पलाइनपर्यंत पोचतात ती प्रकरणं थोडी. जी कुणापर्यंतच पोचत नाहीत ती किती, हा खरा प्रश्न होता. प्रस्तावात हे वाक्य ठळक अक्षरात छापलेलं होतं आणि ते वाचून मी भारावलो होतो. समाजकार्याची पदवी ताजी असली की माणूस कशानेही भारावतो.

आपांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कोणी घेत नसे. रहाटणीतलं त्यांचं घर जुनं, शेतं होती तेव्हापासूनचं. नवऱ्याचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज. वय पन्नाशीच्या आसपास, बांधा आडवा, डोक्यावरची ओढणी सतत मागे सरकणारी. पोलिओच्या डोसांचं काम त्यांनी कित्येक वर्षं केलं होतं. मुलाखतीत मी त्यांना विचारलं, टॅब चालवता येईल ना? त्या म्हणाल्या, "सर, मी खिडकीच्या गजातून डोस पाजलेत. हे तर नुसतं बोटानं सरकवायचं हाय." या दोन गोष्टींचा संबंध काय, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे त्यांनीच सांगितलं. पोलिओच्या कामात कुलूप दिसलं म्हणून परत फिरता येत नसे. आणि पुष्कळदा कुलपाच्या आत मुलं असायचीच. हाक मारली की खिडकीशी येऊन तोंड उघडायची.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. काम चोख करतात, पण सांगितलेल्या पद्धतीने कधीच करत नाहीत. आमच्या फॉर्मवर एक प्रश्न होता : मागील बारा महिन्यांत आपण आपल्या पाल्यास शारीरिक शिक्षा केली आहे का? बाकीच्या तिघी तो जसाच्या तसा वाचायच्या. समोरची आई पदर सावरून "नाही" म्हणायची आणि पुढचा प्रश्न यायचा. आपा तो प्रश्न वाचतच नसत. आधी घरातलं बाळ मांडीवर घ्यायच्या आणि म्हणायच्या, माझ्या थोरल्याला मी लाटणं फेकून मारलं होतं, अजून कपाळावर खूण आहे, सुना विचारतात अम्मीचा नेम इतका चांगला कसा. समोरची बाई हसायची. मग तीही सांगायला लागायची. लाटणं, उलथनं, चार्जरची वायर. हसत सुरू झालेली बाई कधीकधी शेवटी डोळे पुसत असायची.

प्रशिक्षणात आम्हाला बजावून सांगितलं होतं की मुलाखत घेणाऱ्याने स्वतःचे अनुभव सांगायचे नाहीत, उत्तरावर परिणाम होतो. मी दोनदा आपांना झापलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमचा प्रश्न परीक्षेतला वाटतो. परीक्षेत खरं कोण लिहितं?"

परिणाम काय झाला ते ऐका. तिघींच्या फॉर्ममध्ये सगळी घरं गुण्यागोविंदाने नांदत होती आणि आपांच्या फॉर्ममध्ये जवळजवळ प्रत्येक घरात मुलं मार खात होती. पुण्याहून फोन आला. आकडेवारी तपासणारे एक सर होते, त्यांचा आवाज नेहमी सर्दी झाल्यासारखा. ते म्हणाले, तुमच्या एका बाईंचे आकडे बाकीच्यांशी जुळत नाहीत, त्या मनाने भरतात का बघा. मग ऑफिसातून आपांच्या काही घरांना फोन गेले. अनोळखी नंबरवरून अनोळखी माणसाने विचारलं, तुम्ही मुलांना मारता असं तुम्ही सांगितलं आहे, हे खरं का? सगळ्या आया म्हणाल्या, छे हो, असं काही नाही. आपांच्या नावापुढे लाल खूण पडली. जुळत नाहीत म्हणजे त्या तिघींचं चुकत असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण मी गप्प बसलो. मला पुढच्या प्रोजेक्टलाही तिथेच राहायचं होतं.

आता त्या कुलपांबद्दल. टॅबमध्ये प्रत्येक घरापुढे तीनच पर्याय होते : मुलाखत पूर्ण, नकार, घर बंद. तीन वेळा जाऊनही घर बंद सापडलं तर 'घर बंद' दाबायचं, मग टॅब त्याच्या बदली शेजारचं घर द्यायचा. तीनपैकी एक खेप रविवारी घालायची, कारण रविवारी नोकरदार माणसं घरी असतात. हे पुण्यात बसून ठरवलं होतं. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी चाकणजवळच्या निघोज्याच्या चाळींमध्ये पाय ठेवायला जागा नसते. दोरीवर कपडे, न्हाव्याकडे रांग, मटणाच्या दुकानापुढे रांग. आणि गुरुवारी आमची सगळी टीम टॅबसकट पुण्याला आढावा बैठकीला जायची. म्हणजे ज्या दिवशी माणसं घरी सापडतात, नेमक्या त्याच दिवशी आम्ही वातानुकूलित खोलीत बसून माणसं घरी का सापडत नाहीत यावर चर्चा करायचो. चहाबरोबर बिस्किटंही असायची.

आपांनी मला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. त्यांच्या नवऱ्याच्या गॅरेजवर सगळ्यात जास्त गर्दी गुरुवारची, म्हणून त्यांना ते पाठ होतं. मी मेल केला. उत्तर आलं : नोंद घेतली आहे. ती नोंद अजून कुठेतरी असेल.

निघोज्यात आम्ही गेलो तेव्हाची गोष्ट. गावातल्या जुन्या घरांनी आपापल्या जमिनीवर पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा बांधून भाड्याने दिल्या आहेत, त्यांनाच तिथे चाळ म्हणतात. एका दाराला कुलूप होतं. आपांनी कान लावला, मग खिडकीशी जाऊन नुसतं "कोण हाय गं?" म्हणाल्या. सात-आठ वर्षांची एक मुलगी खिडकीत आली, कडेवर दीड वर्षाची बहीण. मम्मी कंपनीत गेलीय, कोणाशी बोलायचं नाही असं सांगितलंय, असं म्हणाली आणि मग पंधरा मिनिटं एकटीच बोलत होती. कुकरला हात लावायचा नाही. बाळ रडलं तर मोबाइल लावायचा. मोबाइलची बॅटरी संपली तर गाणं म्हणायचं.

आपांनी फॉर्ममधलं काही विचारलं नाही. पालकांच्या संमतीशिवाय मुलांना विचारता येत नाही, हा नियम त्यांनी पाळला. फक्त त्या तिथून हलल्या नाहीत. साडेतीनला पहिली शिफ्ट सुटली, कंपनीची बस आली आणि मुलींची आई गल्लीत शिरली. मराठवाड्यातली, अंगावर अजून कंपनीचा निळा कोट. दारात टॅब घेतलेली बाई बघून ती जागच्या जागी थबकली.

"पोरींना न्यायला आलात का?" तिने विचारलं.

आपा म्हणाल्या, न्यायला कोण येतंय, आधी पाणी पी. मग ती बाई बोलत सुटली. कुलूप लावते म्हणून सगळे नावं ठेवतेत, मग उघडं टाकून जाऊ का? पलीकडच्या खोलीत सहा बाप्ये राहतेत, महिन्याला नवे. अंगणवाडी दुपारीच सुटते. सासूला आणावं तर खोलीत झोपायला जागा नाही. कुलूप आहे म्हणून तर पोरी सुखरूप आहेत. मला त्यातलं एक वाक्यही खोडता आलं नाही. शेवटी आपांनी, मी समोर उभा होतो म्हणून असेल, छापील प्रश्न वाचला. गेल्या महिन्याभरात मुलाला घरात एकटं सोडलं आहे का?

"एकटं कशाला सोडू?" ती म्हणाली. "दोघी राहतेत की."

टॅबमध्ये हो आणि नाही असे दोनच पर्याय. आपांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, समोरचा माणूस जे सांगेल ते भरायचं. त्यांनी 'नाही' दाबलं. टॅबने धन्यवाद दिले.

त्याच दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक शाळकरी वही घेतली. तिच्यात फक्त कुलूपवाली घरं लिहायची, आत मूल असलेली. चाळ कुठली, दाराचा रंग कोणता, आतून काय ऐकू आलं. टॅबमध्ये चौथा पर्याय घाला, म्हणून त्या माझ्या मागे लागल्या : कुलूप आहे, आत मूल आहे. मी तेही कळवलं. उत्तर आलं की सर्व्हे मध्यावर असताना साधन बदलता येत नाही, नैतिकता समितीची मंजुरी लागेल. नैतिकता समिती तीन महिन्यांनी बसणार होती.

मग ते हिरवं दार आलं.

त्याच चाळीच्या टोकाची खोली, घरमालकाच्या दुमजली घराला लागून. हिरवा पत्र्याचा दरवाजा, बाहेरून कुलूप. खिडकी मागच्या बाजूला, मालकाच्या परसात उघडणारी. तिकडे कुत्रं बांधलेलं होतं आणि मालकाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भाडेकरूंच्या भानगडीत आम्हाला ओढू नका. आपांनी दारावर दोनदा टकटक केलं. मग मला जवळ बोलावलं. त्यांचं म्हणणं, आतून उत्तर येतं. आवाज नाही, नुसतं ठोकणं, खाली जमिनीजवळून. मी कान लावला. मला फक्त पंख्याची घरघर ऐकू आली. समोरच्या खोलीतली पोरं म्हणाली, आंटी, आत कोणी नाही, नवरा-बायको दोघं जनरल शिफ्टला जातात, रविवारीसुद्धा. आम्ही तीन वेळा गेलो. त्यातली एक खेप रविवारची. तिन्ही वेळा आपांना ते ठोकणं ऐकू आलं आणि मला नाही. खरं सांगायचं तर तिसऱ्या वेळी मी कान नीट लावलाच नव्हता.

त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचा मुलगा अगदी आदबीने बोलत होता. मुलाचं नाव? माहीत नाही. वय? माहीत नाही. पालकांचं नाव? अत्याचाराचा प्रकार कोणता? आपा म्हणाल्या, दादा, दार बंद आहे. तो म्हणाला, एवढ्या माहितीवर नोंद करता येत नाही मॅडम, शेजारी चौकशी करून परत फोन करा. फोन ठेवून आपा माझ्याकडे वळल्या आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "दार उघडल्यावर तक्रार घेणार म्हणे. दार उघडलं असतं तर मी तक्रार कशाला केली असती?"

त्यांना एक गुरुवार हवा होता. एकच, टॅबसकट. मी म्हणालो, बैठक सक्तीची आहे, सर्व्हे संपायला दोन आठवडे राहिलेत, टॅब त्या दिवशी ऑफिसात जमा करावेच लागतात. मग त्या म्हणाल्या, निदान ते घर खुलं ठेवा, बंद म्हणून टाकू नका, मी काहीतरी करते. मी म्हणालो, ठेवतो. शब्द दिला म्हणा हवं तर. आपांनी तो शब्दच धरला.

बुधवारी दुपारी पुण्याहून फोन आला. उद्याच्या बैठकीआधी हा भाग पूर्ण दिसला पाहिजे, एकही घर बाकी नको. माझ्या यादीत एकच बाकी होतं. तीन खेपा झालेल्या होत्या, रविवारही झालेला होता, नियमात कुठेही खोट नव्हती. मी माझ्या लॉगिनमधून हिरव्या दारापुढे 'घर बंद' दाबलं. टॅबने लगेच शेजारचं घर दिलं. ते घरमालकाचंच होतं. आमच्यातली एक तरतरीत मुलगी जाऊन अर्ध्या तासात फॉर्म भरून आली. घरात एक नातू, बॅटरीवर चालणारी गाडी, दोन सायकली. मार नाही, आबाळ नाही, एकटं सोडणं नाही. ऑफिसमधून मोबाइलवर शाबासकीचा अंगठा आला. आपांना उद्या बैठकीत समजावून सांगू, असं मी ठरवलं.

गुरुवारी आपा बैठकीला आल्याच नाहीत. फोनही बंद. सर्दीवाले सर म्हणाले, ही बाई शिस्तीत बसत नाही. मी मान डोलावली.

शुक्रवारी सकाळी निघोजे फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर त्या मला भेटल्या. त्या आदल्या दिवशी हिरव्या दाराकडे गेल्या होत्या, टॅबशिवाय, रिकाम्या हाताने. दार उघडं होतं. नवरा-बायको दोघं घरी. किती मुलं, असं विचारल्यावर ती बाई म्हणाली, एक मुलगा, गावाला आजीकडे असतो. आपांनी मान हलवली आणि तिथेच बसून राहिल्या. चहा झाला. गावाकडच्या पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या. आणि मग पलंगाच्या पलीकडून ते ठोकणं आलं.

मुलगी नऊ वर्षांची. चालता येत नाही, बोलता येत नाही. सरपटत गॅसपाशी जाते, एकदा भाजली होती. म्हणून आईने जुन्या साडीची पट्टी फाडून तिला कमरेला बांधून पलंगाच्या पायाशी अडकवलेलं. हाताशी ताटली, अंगाखाली गोधडी. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत. लोक विचारतात, नावं ठेवतात, म्हणून तिचं नाव कुणापुढे घ्यायचंच सोडून दिलं होतं. आपांना हे सांगताना ती आई रडली नाही. तिने आपांचे पाय धरले, कोणाला सांगू नका म्हणून.

"मारत नाहीत सर तिला," आपा म्हणाल्या. "अंग स्वच्छ होतं. वेणी घातलेली होती." मग म्हणाल्या, "कुठल्या रकान्यात बसते ही, तेवढं सांगा."

मला सांगावंच लागलं की रकान्याचा प्रश्न आता उरलेला नाही. घर बुधवारीच बंद झालं, पुन्हा उघडता येत नाही. त्यांनी विचारलं, जागा कोणाला दिली? मी म्हणालो, घरमालकाच्या नातवाला.

त्या चहा पीत राहिल्या. मीच बोलत होतो. इतक्या घरांत एका घराने टक्केवारी बदलत नाही. नमुना असाच काढतात. प्रत्येक दारापाशी बसून राहिलो तर सर्व्हे कधीच पुरा होणार नाही. हे सगळं बरोबर होतं. आजही मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन आणि ते बरोबरच असेल. याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.

आपांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "बेटा," त्या म्हणाल्या, "तू बटण दाबलंस तेव्हा ती आत होती."

तोपर्यंत त्यांनी मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि समोर आलेल्या रिक्षात बसून निघून गेल्या. कागदोपत्री संस्थेने त्यांना गैरहजेरीबद्दल कमी केलं. ते पत्र मीच टाइप केलं.

पुढे अहवाल आला. पुण्यात एका मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. पडद्यावर वाक्य आलं की या पट्ट्यात मुलांची हेळसांड अपेक्षेपेक्षा कमी आढळली, आणि कष्टकरी कुटुंबांतली आपुलकी हे त्याचं कारण असावं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. ज्या चौघींनी दारोदार फिरून हे काम केलं त्यांच्यापैकी एकीलाही बोलावलेलं नव्हतं. घरी येऊन मी संचालकांना एक लांबलचक मेल लिहिला, त्यात गुरुवार, कुलपं, हिरवं दार सगळं होतं. तो मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे. मला स्वतःचा इतका राग क्वचितच आला असेल, पण रागाने मेल जात नाही, त्यासाठी एक बटण दाबावं लागतं. ते काही माझ्याच्याने झालं नाही.

चार-पाच महिन्यांनी मी माझी मोटरसायकल घेऊन रहाटणीला गेलो. ब्रेक लागत नाहीत असं कारण सांगितलं. ब्रेक उत्तम लागत होते. आपांच्या नवऱ्याने मला ओळखलं, ब्रेक खोलून बघितले आणि परत बसवले. मग विचारलं, बीबीला भेटायला आलात ना? आणि हात पुसत पुसत सगळं सांगितलं.

त्या दिवसानंतर आपा हिरव्या दाराकडे जातच राहिल्या होत्या. आधी गुरुवारी, मग इतर दिवशीही. आईने त्यांना दुसरी किल्ली दिली. दुपारी जायच्या, पट्टी सोडायच्या, मुलीला दाराबाहेर उन्हात बसवायच्या, भरवायच्या. अशा मुलांची एक शाळा त्यांनी शोधून काढली. शाळेने अपंगत्वाचा दाखला मागितला, दाखल्याला आधार कार्ड लागत होतं, आधारला मुलीचं बोट टेकवायला न्यायचं तर आईला कंपनीतून सुट्टी नव्हती. आपांनी ते सगळं एकेक करून जुळवत आणलं. आणि एका आठवड्यात कंत्राटदाराने माणसं कमी केली. कुटुंबाने रातोरात नव्हे, भर दुपारी टेम्पोत सामान भरलं आणि गेलं. कुठे, ते सांगितलं नाही. फोन लागत नाही.

"तेव्हापासून चाळी पालथ्या घालतीय," ते म्हणाले. "कुरुळी, म्हाळुंगे, खराबवाडी. आमी म्हणतो, गावी गेली असतील. ती म्हणते, गावाला काय हाय त्यांचं, इथंच कुठंतरी असतील. आज गुरुवार हाय. आज कशी सापडेल घरी? निघोज्यालाच गेलीय परत, कोणाकडं नवा पत्ता आला का बघायला."

मी निघोज्याला गेलो. हिरव्या दारात आता दुसरं बिऱ्हाड होतं, दाराशी नवी गॅसची शेगडी. घरमालकाच्या ओट्यावर त्यांची म्हातारी आई लसूण सोलत बसली होती. मी विचारलं, इथे एक मुलगी राहायची, चालता न येणारी, ते लोक कुठे गेले?

"न्हाई ठावं," म्हातारी म्हणाली. "लई चांगली पोर व्हती. रोज मागच्या खिडकीतनं दूध-भाकर कुस्करून द्यायची मी तिला. आवाज दिला की ठोकायची."

आम्ही दोघे दारापाशी कान लावून, फोन लावून, नियम लावून थकलो होतो आणि भिंतीपलीकडे ही बाई रोज त्या मुलीला घास देत होती. मी जरा तावातावानेच विचारलं, मग आमची मुलगी तुमच्याकडे फॉर्म भरायला आली होती, तेव्हा तुम्ही सांगितलं का नाही?

म्हातारीने सोलायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"तिनं इचारलं, तुमच्या घरात पोरं किती. मी म्हनलं, एक. शेजारच्या पोरीचं कुठं इचारलं तिनं?"

तो प्रश्न मराठीत मीच उतरवला होता. आपल्या घरात अठरा वर्षांखालील मुले किती. एक संपूर्ण दुपार मी 'कुटुंब' लिहावं की 'घर' लिहावं यावर घालवली होती.

म्हातारी पुन्हा लसणाकडे वळली. म्हणाली, त्या मुसलमानाच्या बाईबी आत्ताच येऊन गेल्या, पलीकडच्या चाळीत गेल्यात, लगबगीनं गेलात तर गावतील.

मी निघालो. सुट्टीचा दिवस, सगळी दारं उघडी, पोरं रस्त्यावर, गल्लीत वाट काढावी लागत होती. एका माणसाने सांगितलं, आत्ता होत्या इथं. पुढच्या गल्लीत एक पोरगी म्हणाली, आजी तिकडं गेली. तिकडच्या टोकाला नळावर एक बाई कपडे धूत होती. मी तिच्यापाशी थांबलो. काय विचारावं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात, मी आपांना शोधत आलोय हे तिने ऐकलं असावं, तीच मान वर न करता म्हणाली,

"न्हाई हो, आमच्या शेजारी न्हाई अशी पोरगी. सांगितलं की मगाशी त्या बाईंना."

मी विचारलं, त्या कुठे गेल्या? तिने ओल्या हाताने पुढच्या चाळी दाखवल्या. मी तिथवर गेलो, तेव्हा तिथल्या माणसांनाही विचारून झालेलं होतं आणि आपा पुढे निघून गेल्या होत्या.